अक्कलदाढ काढल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं वाढलं तर अंगावर काढू नका

निळाई

खालची डावी अक्कलदाढ काढून आज मला बारावा दिवस आहे. काल रात्री पहिल्यांदाच गोळी न घेता झोपले. मधले दोन-तीन दिवस मी विनाकारण सोसले, ते दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते आहे.

दाढेचा त्रास दोन वर्षांपासूनचा. ती अर्धीच वर आली होती आणि तिच्यावर हिरडीची एक घडी झाकणासारखी बसलेली होती. त्या घडीखाली अन्नाचे कण जाऊन बसायचे, ब्रश तिथे पोचायचाच नाही. दर चार-सहा महिन्यांनी हिरडी सुजायची, घास गिळताना कळ यायची, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. प्रत्येक वेळी औषधं घेऊन मी वेळ मारून नेली. या खेपेला पूर्ण जबड्याचा एक्स-रे (ओपीजी) काढला, तेव्हा दिसलं की दाढ पुढच्या बाजूला कलून शेजारच्या दाढेला टेकली आहे आणि टेकल्या जागी त्या चांगल्या दाढेला कीड लागायला सुरुवात झाली आहे. मग मात्र मी थांबले नाही.

प्रत्यक्ष काढताना दुखलं नाही, हे घाबरलेल्यांसाठी मुद्दाम सांगते. भुलेच्या सुया टोचल्या तेवढंच. थोड्या वेळात अर्धा ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. दाब मात्र जाणवतो, चांगलाच जाणवतो. आणि आवाज. हाडातून थेट कानात येणारा. दाढ अखंड निघत नव्हती म्हणून तिचे ड्रिलने तीन तुकडे केले आणि एकेक काढला. तुकडा सुटताना जो कडकन आवाज होतो, त्याने मी दचकले. तो आवाज दाढेचा असतो, जबडा मोडल्याचा नाही, एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर मी खुर्चीचे हात इतके घट्ट धरले नसते. सुमारे पाऊण तास लागला, तीन टाके पडले.

पहिला दिवस बर्फाच्या शेकात गेला. दुसऱ्या दिवशी गाल फुगला, तिसऱ्या दिवशी आणखी फुगला, पण ठणका कमी होत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाचेत काहीतरी अडकल्यासारखं वाटलं. हातात दिलेल्या कागदावर 'पहिले २४ तास चूळ भरू नये' असं होतं. चोवीस तास कधीच उलटले होते. मी बेसिनपाशी उभी राहून खळखळून चुळा भरल्या, जोरात थुंकले. पाण्यातून काळपट काहीतरी पडलं. मला वाटलं, अडकलेला कण निघाला.

चौथ्या दिवशी पहाटे कानातल्या दुखण्याने जाग आली. कान, कानशील, खालचा जबडा, सगळं एका लयीत ठणकत होतं. गोळीने तासभर बरं वाटायचं, की पुन्हा तेच. तोंडाला एक घाण चव आणि वास. घरात सगळे म्हणाले, हाड कोरून दाढ काढली आहे, दुखणारच. मलाही ते पटलं. सहाव्या दिवशी आरशासमोर टॉर्च धरून पाहिलं तर खाच रिकामी होती, तळाशी पांढुरकं दिसत होतं. ते हाड होतं.

डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं, ड्राय सॉकेट, म्हणजे रक्ताची गुठळी जाऊन उघडी पडलेली खाच. खाच सलाइनने धुतली आणि औषधात भिजवलेली पट्टी आत बसवली, लवंगेचा उग्र वास असलेली. अर्ध्या तासात ठणका उतरला. दोन दिवस रात्री जागून काढल्यावर अर्ध्या तासात. मी तिथेच रडले. पुढे दोनदा पट्टी बदलली.

मला सांगायचं आहे ते एवढंच: दाढ काढल्यावर खाचेत जी रक्ताची गुठळी धरते, तीच तिथली मलमपट्टी. तिच्याखाली उघडं हाड आणि नसांची टोकं असतात. स्ट्रॉने ओढू नका, थुंकू नका, सिगारेट ओढू नका, खळखळून चुळा भरू नका, या सगळ्या सूचना त्या एका गुठळीसाठी असतात. हे कारण मला कुणी सांगितलं असतं तर चोवीस तासांचा हिशेब मी वेगळा लावला असता. आणि दुखणं रोज थोडं उतरायला हवं. मध्येच ते उलटं चढायला लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

---

पाऊलवाट

अगदी हेच माझ्या भावाचं झालं होतं, फक्त पाचव्या दिवशी. तो कानाच्या डॉक्टरांकडे गेला! कान स्वच्छ निघाला, तेव्हा त्यांनीच विचारलं, दात वगैरे काढलाय का अलीकडे. कानात दुखतंय म्हटल्यावर दाढेचा संबंध लक्षातच येत नाही.

---

मोहर

निळाईताई, वेळेवर लिहिलंत. माझ्या १९ वर्षांच्या मुलाच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा येत्या गुरुवारी काढायच्या आहेत. दोन्ही आडव्या आहेत. काही प्रश्न आहेत. दोन्ही एकाच दिवशी काढाव्यात का? किती दिवस घरी राहावं लागेल? गुळण्या नक्की केव्हापासून आणि कशा करायच्या? तो आधीच घाबरला आहे आणि खरं सांगायचं तर मीही.

---

रानजाई

मी मुख शल्यचिकित्सक आहे, अक्कलदाढा काढणं हे रोजचंच काम. दोघींनाही उत्तर देते.

निळाई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. त्या चुळांमुळेच झालं असं ठामपणे म्हणता येत नाही. सगळ्या सूचना तंतोतंत पाळणाऱ्यांनाही ड्राय सॉकेट होतो. खालच्या अक्कलदाढांमध्ये त्याचं प्रमाण इतर दातांपेक्षा बरंच जास्त असतं. हिरडीला आधी वारंवार संसर्ग झालेला असणं, दाढ काढायला अवघड असणं, धूम्रपान, गर्भनिरोधक गोळ्या, यांनी शक्यता वाढते. तुमच्या बाबतीत यातली पहिली दोन कारणं होतीच.

दुसरं, हा नेहमीसारखा जंतुसंसर्ग नसतो. गुठळी विरघळून किंवा निघून हाड उघडं पडतं, म्हणून दुखतं. त्यामुळे घरी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊन तो बरा होत नाही. खाच धुऊन औषधी पट्टी ठेवणं हाच उपाय. पट्टीमुळे जखम लवकर भरते असं नाही, ती वेदना थांबवते. भरायचं काम शरीर आपलं आपण करतं, त्याला आठवडा-दहा दिवस लागतात. आणि लवंगेच्या वासावरून कुणी घरचं लवंगतेल ताज्या जखमेत सोडू नका, पेशी भाजतात.

मोहर, दोन्ही खालच्या दाढा एकाच वेळी काढता येतात आणि या वयात बरेच जण तेच पसंत करतात, कारण विश्रांती एकदाच घ्यावी लागते. तोटा असा की चावायला धड बाजू उरत नाही. मुलगा खूप घाबरत असेल तर शिरेतून गुंगीचं औषध देण्याची सोय आहे का, हे आधी विचारा. तसं असेल तर उपाशीपोटी कधीपासून राहायचं तेही विचारून घ्या आणि सोबत मोठं माणूस हवंच.

तीन-चार दिवस घरी धरा. सूज ४८ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असते. हे आधी माहीत असलं की तिसऱ्या दिवशी सकाळी चेहरा पाहून माणूस हादरत नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून २० मिनिटं ठेवायचा, २० मिनिटं काढायचा, हे पहिल्या एक-दोन दिवसांपुरतं. त्यानंतर बर्फाचा फारसा उपयोग नाही, कोमट शेक बरा. झोपताना डोकं दोन उश्यांवर उंच.

आता गुळण्या. पहिले २४ तास काहीच नाही. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः खाल्ल्यावर. पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला कलती करायची आणि तोंड उघडून पाणी बेसिनमध्ये आपोआप पडू द्यायचं. थुंकायचं नाही. गाल हलवायचे नाहीत. पहिला आठवडा असंच. 'चोवीस तासांनी गुळण्या करा' या वाक्यात हे सगळं बसत नाही, निळाईंची तक्रार रास्त आहे.

वेदनेसाठी आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी बहुतेकांना पुरते. पण दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पहिली गोळी भूल उतरायच्या आत घ्यायची. ठणका सुरू झाल्यावर त्याच्या मागे धावणं कठीण जातं.

---

निळाई

रानजाई, तुमचं पहिलं वाक्य मी दोनदा वाचलं. इतके दिवस मी स्वतःलाच बोल लावत होते. मनापासून आभार.

---

दूरचा_दिवा

माझं वय २७. चारही अक्कलदाढा आहेत, एकही दुखत नाही. दात साफ करायला गेलो तेव्हा एका डॉक्टरांनी चारही काढून टाका असं सुचवलं. दुखत नसताना काढाव्यात का?

---

काठावर

काढा. मीही 'दुखत नाही' म्हणून थांबलो. एक्केचाळिसाव्या वर्षी दुखली तेव्हा हाड दगडासारखं झालेलं, मुळं पूर्ण वाढलेली आणि वाकडी. दीड तास लागला आणि नीट चावायला पुढे महिना. विशीत काढली असती तर आठवड्यात मोकळा झालो असतो.

---

सांजवारा

मी ५६ वर्षांची आहे. चारही दाढा सरळ उगवलेल्या, चारही तोंडात, चारही कामाच्या. ब्रश मागपर्यंत नेते, वर्षातून एकदा दाखवते. ज्या दाढेने काही बिघडवलं नाही ती का काढायची?

---

रानजाई

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघांच्या दाढा वेगळ्या आहेत. 'दुखत नाही' आणि 'आजार नाही' हे एक नव्हे. शेजारच्या दाढेला मागून लागलेली कीड किंवा अडकलेल्या दाढेभोवतीची गाठ बरेच दिवस गप्प असते, एक्स-रेतच दिसते.

यावर जगभर एकमत नाही. ब्रिटनमध्ये नाइस या संस्थेने २००० साली मार्गदर्शन दिलं की, आजार नसलेल्या अडकलेल्या अक्कलदाढा केवळ खबरदारी म्हणून काढू नयेत. अमेरिकेत तरुण वयातच काढून टाकण्याकडे कल जास्त राहिला आहे. काठावर म्हणतात तेही खरं: तरुणपणी मुळं अर्धीमुर्धी तयार असतात, हाड लवचीक असतं, जखम लवकर भरते. पण प्रत्येक शस्त्रक्रियेला जोखीम असते, आणि गरज नसेल तर ती पत्करायचं कारण नाही.

दूरचा_दिवा, डॉक्टरांना एक्स-रे समोर ठेवून विचारा: या दाढेला आत्ता नक्की काय झालं आहे? नाही काढली तर काय होऊ शकतं? खालच्या जबड्यातली नस मुळांपासून किती लांब आहे? चारही दाढांचं उत्तर एकच आलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. कोन आणि जागा प्रत्येक दाढेची वेगळी असते.

---

अबोली७

नसेचा विषय निघालाच आहे तर लिहिते. माझी उजवी दाढ काढल्यावर भूल उतरलीच नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धा खालचा ओठ आणि हनुवटी बधिर. ओठ हलायचा व्यवस्थित, पण स्पर्श कळत नव्हता. पाणी पिताना हनुवटीवरून ओघळलं तरी समजायचं नाही. जेवताना ओठ चावला जायचा आणि रक्त दिसल्यावर कळायचं. सगळ्यात वाईट म्हणजे, सही केलेल्या संमतिपत्रात हे लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. समजावून सांगितलंही नव्हतं कुणी.

तिसऱ्या महिन्यात मुंग्या यायला लागल्या, मधूनच वीज चमकल्यासारखं व्हायचं. डॉक्टर म्हणाले हे चांगलं लक्षण आहे, नस जागी होते आहे. आठव्या महिन्यापर्यंत जवळजवळ सगळी जाणीव परत आली. हनुवटीवर एक नाण्याएवढी जागा अजून जराशी वेगळी लागते. कुणाला घाबरवायचं नाही, पण ज्यांच्या बाबतीत असं होईल त्यांनी एकटं पडू नये.

---

रानजाई

अबोली, लिहिलंत हे फार बरं केलंत. खालच्या दाढांच्या मुळांजवळून जबड्याच्या हाडातून एक नस जाते, तीच पुढे ओठ आणि हनुवटीला जाणीव देते. आतल्या बाजूने जिभेची नस जाते, तिला धक्का लागला तर अर्ध्या जिभेचा स्पर्श आणि चव जाते. बहुतेक वेळा हे तात्पुरतं असतं आणि काही आठवड्यांत ते महिन्यांत परत येतं. क्वचित कायमचं राहतं. म्हणून दुसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल तर लगेच कळवावं, म्हणजे किती भाग बधिर आहे याची नोंद राहते आणि सुधारणा मोजता येते.

साध्या एक्स-रेत मूळ आणि नस एकमेकांवर दिसली तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन करून खरं अंतर पाहता येतं. मुळं नसेला अगदी खेटून असतील तर काही वेळा फक्त दाढेचा वरचा भाग काढून मुळं आतच ठेवतात. त्याला कोरोनेक्टॉमी म्हणतात. प्रत्येक दाढेला ते चालत नाही, पण विचारायला हरकत नाही.

---

पाऊलवाट

वरच्या दाढांना हे नसेचं नसतं ना?

---

रानजाई

ती नस खालीच. वरच्या दाढा सहसा सोप्या निघतात. पण त्यांची मुळं गालामागच्या सायनसच्या पोकळीला लागून असतात. काढताना तिथे छोटं भोक पडलं तर पाणी पिताना नाकातून येतं. असं झालं तर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं.

---

मोहर

गुरुवार रात्र. आज सकाळी झालं. दोन्ही दाढा निघाल्या. आत्ता काळजीत आहे, रक्त थांबत नाही. दर पाच मिनिटांनी बोळा काढून बघतो आहोत, दर वेळी लाल. तोंडात लालच लाळ. काय करू?

---

रानजाई

बोळा काढून बघणं आधी बंद करा. दर वेळी उचलला की नुकती धरलेली गुठळी त्याच्याबरोबर निघते. स्वच्छ गॉझची जाड घडी किंचित ओली करून बरोबर खाचेवर ठेवा आणि घड्याळ लावून ३० मिनिटं घट्ट चावून धरायला सांगा. बोलायचं नाही, पडून राहायचं नाही, डोकं उंच ठेवून बसायचं. लाळ गिळायची. थेंबभर रक्त लाळेत मिसळलं की पुष्कळ दिसतं, पहिली रात्र गुलाबी लाळ येणारच. अर्ध्या तासाने तोंड रक्ताने भरत असेल तर मात्र पुन्हा एकदा चावून धरायचं आणि त्याच वेळी डॉक्टरांच्या तातडीच्या नंबरवर फोन. रक्त पातळ करणारं औषध तो घेत नाही ना?

---

मोहर

नाही, कुठलंच औषध नाही. चाळीस मिनिटं धरला. आता फक्त गुलाबी आहे. झोपला बसल्या बसल्या, तीन उश्यांना टेकून. मीही जवळच बसले आहे.

---

निळाई

मोहर, उद्या गाल बघून घाबरू नका. परवा त्याहून मोठा दिसेल. खायला दही, कुस्करलेलं केळं, कोमट सूप, चमच्याने. बारीक दाणेदार काहीही नको, ते खाचेत जाऊन बसतं. गरम काही नको.

---

मोहर

रविवार. गाल खरंच तसाच फुगला आणि आता हनुवटीखाली पिवळसर-निळं झालं आहे. पण ठणका रोज कमी होतो आहे, आज दोनच गोळ्या लागल्या. मी रोज सकाळी एकच विचारते, कालपेक्षा कमी की जास्त? एक प्रश्न: खाचेत पांढरट-पिवळा थर दिसतो, तो पू आहे का?

---

रानजाई

दुखणं उतरतं आहे, ताप नसेल, दुर्गंधी नसेल, तर तो बरं होण्याचा थर आहे. खरवडू नका. निळंपिवळं म्हणजे त्वचेखाली झिरपलेलं रक्त, दहा-बारा दिवसांत जाईल. ताप, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, किंवा आजनंतर सूज पुन्हा वाढणं, यातलं काही दिसलं तर वाट बघायची नाही. आणि उद्यापासून तोंड उघडण्याचा हलका व्यायाम सुरू करा. चावायचे स्नायू आखडलेले असतात, दुखेल तिथे थांबायचं आणि पुन्हा थोडं.

---

दूरचा_दिवा

दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून आलो. वरच्या दोन्ही सरळ आहेत, त्या राहणार. खालची उजवी हाडात पूर्ण गाडलेली आहे, भोवती काही नाही, वर्षा-दोन वर्षांनी एक्स-रे. खालची डावी अर्धी वर आलेली आहे आणि शेजारच्या दाढेच्या मागे खोल पोकळी झाली आहे. ती काढायची. दुखत अजूनही नाही. नस चार मिलिमीटर लांब आहे, हे मी विचारून घेतलं.

---

मोहर

आज आठवा दिवस. टाके काढले. तोंडात आता तीन बोटं जातात, रविवारी एक जात होतं. डाव्या खाचेत अन्न अडकतं आहे, डॉक्टरांनी वाकड्या टोकाची प्लॅस्टिकची सिरिंज दिली आणि कोमट पाण्याने हळू धुवायला शिकवलं. हिरडी बंद व्हायला तीन-चार आठवडे आणि आतलं हाड भरायला काही महिने लागतील म्हणाले. आज त्याने स्वतःच धुतलं, मी फक्त टॉर्च धरला.

---

निळाई

माझीही डाव्या बाजूची खाच अजून उघडी आहे. ती सिरिंज मी आजच डॉक्टरांना मागते.